दोष बियाण्यात की मातीत?



बचतगटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या, की खऱ्या गोष्टी सुरू होतात. मागच्या पावसाळ्यात एका गावच्या बैठकीत अशीच एक गोष्ट निघाली. गटातल्या एका ताईच्या मुलाला सिकलसेल निघाला होता. पोराचे हातपाय ठणकायचे, डोळे पिवळे व्हायचे, वर्षात दोनदा रक्त चढवावं लागलं. तिची सासू भर बैठकीत म्हणाली, "आमच्या घराण्यात असं दुखणं नव्हतं. हे हिच्या माहेरचं आलं." ताई खाली मान घालून बसली. आम्हीही गप्प बसलो. ठामपणे बोलावं इतकं आम्हालाच ठाऊक नव्हतं.

त्यानंतर आम्ही आरोग्य केंद्रात विचारलं, मिळेल ते वाचलं. वाचता वाचता एक मोठा इतिहास हाती लागला. तो शिकागोपासून नागपूरपर्यंत आणि उंदरांपासून माणसांपर्यंत पसरलेला आहे. आज तोच सांगतो.

आपल्याकडे बोलण्याची रीत अशी, की पुरुष म्हणजे बी आणि बाई म्हणजे वावर. पीक बिघडलं की बोल वावराला. शास्त्रज्ञांपुढेही एकदा नेमका हाच प्रश्न आला होता: दोष बियाण्यात की मातीत? फरक एवढाच, की त्यांनी कोणाला बोल लावला नाही. त्यांनी करून पाहिलं.

आधी सिकलसेलची गोष्ट. १९१० साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात जेम्स हेरिक नावाच्या डॉक्टरांनी एका रुग्णाबद्दल लिहिलं. तो ग्रेनाडा बेटावरून दातांच्या डॉक्टरकीचं शिक्षण घ्यायला आलेला तरुण होता. त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर काही तांबड्या पेशी गोल नव्हत्या, विळ्यासारख्या वाकलेल्या होत्या. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, म्हणून सिकलसेल. आपल्या वऱ्हाडी बोलीत म्हणाल तर इळ्याच्या आकाराची पेशी. गोल पेशी बारीक नसांतून सहज सरकते. विळ्यासारखी पेशी अडकते, नस तुंबते आणि असह्य कळा येतात. चांगली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याची पेशी १० ते २० दिवसांतच फुटते, म्हणून रक्त कमी पडतं.

आपल्या भागात हा आजार उघड व्हायला वेळ लागला. १९५२ साली तो आधी दक्षिणेत, निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये सापडला. मग १९५८ साली नागपूरचे डॉक्टर आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. म्हणजे आजार नवा नव्हता, नाव नवं होतं. आपल्या यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली पट्ट्यात तो आदिवासी समाजांत आहे, अनुसूचित जातींत आहे, इतर समाजांतही आहे.

तो इथेच का जास्त? याचं उत्तर १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत शोधलं. ज्याच्या अंगात या आजाराचं एकच जनुक आहे, त्याला जीवघेण्या हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. जनुक म्हणजे आई-वडिलांकडून मिळालेला शरीर घडवण्याचा लेखी हुकूम. जिथे रान आणि डास, तिथे हे एक जनुक बाळगणारी लेकरं जास्त जगली आणि ते पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. कोणाच्या पापाचं हे फळ नाही. आपल्या पूर्वजांना हिवतापातून तारणाऱ्या गोष्टीचीच ही दुसरी बाजू आहे.

आता पुढचा प्रश्न. पेशी रोज मरतात, मग रोज नव्या येतात कुठून? निरोगी माणसाच्या अंगात दिवसाला सुमारे २०,००० कोटी तांबड्या पेशी तयार होतात. त्या हाडाच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत बनतात, हे जुन्या डॉक्टरांनाही माहीत होतं. पण कोण बनवतं? काहींचा अंदाज होता की तिथे एक मूळची पेशी असावी. तिला मराठीत मूलपेशी म्हणतात.

मूलपेशी समजायला विरजण आठवा. चमचाभर विरजणाने पातेलंभर दही लागतं, आणि त्याच दह्यातून उद्यासाठी पुन्हा चमचाभर विरजण निघतं. मूलपेशीही तशीच. ती रक्ताच्या नाना तऱ्हेच्या पेशी बनवते आणि स्वतःसारखी मूलपेशीही राखून ठेवते. पण ती असते हे दाखवायचं कसं? सूक्ष्मदर्शकाखाली ती बाकीच्या पेशींहून ओळखूच येत नव्हती.

याची वाट एका संहारातून निघाली. १९४५ साली हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडले. किरणांनी अनेकांची अस्थिमज्जा जळाली आणि नवं रक्त न बनल्याने ती माणसं पुढच्या आठवड्यांत दगावली. त्यानंतर जगभर या प्रश्नावर काम वाढलं. कॅनडातल्या टोरोंटो शहरात जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅककलक या दोघांनी उंदरांवर किरण सोडून त्यांची मज्जा निकामी केली आणि दुसऱ्या निरोगी उंदराच्या मज्जेच्या पेशी मोजून त्यांच्या अंगात घातल्या. सुमारे १० दिवसांनी पाहिलं तर उंदरांच्या पाणथरीवर, म्हणजे प्लीहेवर, बारीक गाठी आल्या होत्या. जास्त पेशी घातल्या तर जास्त गाठी, कमी घातल्या तर कमी. हे १९६१ साली छापून आलं.

पण एक गाठ एकाच पेशीपासून आली की अनेक पेशी एकत्र येऊन? १९६३ साली अँड्र्यू बेकर या त्यांच्या विद्यार्थ्याने यावर युक्ती काढली. शेळी आपली हे ओळखायला आपण तिच्या कानाला खाच पाडतो. तशी त्यांनी पेशींच्या गुणसूत्रांत किरणांनी खूण पाडली. जनुकं ज्या धाग्यांवर असतात ती गुणसूत्रं, आणि मोडून जुळलेल्या गुणसूत्राचा आकार प्रत्येक वेळी वेगळा असतो. मग गाठी तपासल्या. खूण असलेल्या गाठीतल्या पेशीपेशीत तीच एक खूण. म्हणजे अख्खी गाठ एकाच आईची लेकरं. मूलपेशी डोळ्यांना दिसली नाही, पण तिच्या वंशावरून ओळखू आली.

आता येतो बी आणि मातीचा प्रश्न. अमेरिकेत बार हार्बर या गावी जॅक्सन लॅबोरेटरी आहे. तिथे एलिझाबेथ रसेल नावाच्या बाई रक्तक्षय असलेल्या उंदरांचा अभ्यास करत. १९४७ साली जंगलात वणवा लागला, प्रयोगशाळा जळाली आणि हजारो उंदीर मेले. पूर्वी तिथूनच उंदीर नेलेल्या जगभरच्या प्रयोगशाळांनी आपापल्याकडचे परत पाठवले आणि जाती पुन्हा उभ्या राहिल्या. दुष्काळात बियाणं गेलं की सोयऱ्याकडून पायलीभर आणतो, तसंच.

त्या उंदरांत दोन वाण होते. एकाचं नाव डब्ल्यू, दुसऱ्याचं स्टील. दिसायला दोन्ही सारखे, पांढरे अंग, काळे डोळे. दोघांनाही रक्तक्षय. दोघांचंही दुखणं जन्मजात, पण जनुकं वेगवेगळी. वरून पाहून कोणीही म्हणालं असतं की आजार एकच.

मग पेशींची अदलाबदल केली. डब्ल्यू उंदराला निरोगी उंदराची मज्जा दिली, तो बरा झाला. म्हणजे त्याची माती चांगली होती, बी खराब होतं. स्टील उंदराला निरोगी मज्जा दिली, तो बरा झाला नाही. उलट स्टीलचीच मज्जा काढून डब्ल्यूला दिली, तर डब्ल्यू बरा झाला. म्हणजे स्टीलचं बी चांगलं होतं, मातीच धरत नव्हती. टोरोंटोचे शास्त्रज्ञ आणि रसेलबाई यांनी मिळून स्टीलवरचं हे काम १९६५ साली मांडलं.

यातून एक मोठी गोष्ट कळली. मूलपेशी एकटी काही करू शकत नाही. तिला जागा लागते, शेजार लागतो. १९७८ साली इंग्लंडच्या मँचेस्टरमधल्या रे स्कोफिल्ड यांनी त्या जागेला नाव दिलं. त्या शब्दाचा अर्थ आपला साधा कोनाडा. भिंतीतल्या कोनाड्यात दिवा वाऱ्यापासून सांभाळला जातो, तशी हाडातल्या कोनाड्यात मूलपेशी सांभाळली जाते. तिथून बाहेर पडली की ती कामाला लागते, रक्ताच्या पेशी बनवते आणि तिचं मूलपण संपतं. पुढे दोन्ही उंदरांची जनुकंही सापडली. डब्ल्यूमध्ये मूलपेशीच्या अंगावरचं कुलूप बिघडलेलं होतं. स्टीलमध्ये शेजारी पेशी बनवतात ती किल्ली बिघडलेली होती. कुलूप आणि किल्ली जुळली तरच मूलपेशी जगते.

हे ज्ञान आपल्या महाराष्ट्रातही कामी आलं. १९८३ साली मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या एका लहान मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. भारतातल्या या उपचाराची ती सुरुवात होती. स्वतः अडवाणी लहानपणी पोलिओ झाल्याने चाकाच्या खुर्चीवरून काम करत. पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. वैजयंती काळे आणि डॉ. ललिता लिमये या दोघींनी रक्ताच्या मूलपेशींवर वर्षानुवर्षं काम केलं. उंदरांच्या पेशींवर केलेल्या तिथल्या कामातून २०१८ साली दिसलं, की म्हाताऱ्या मूलपेशी तरुण शेजारी पेशींच्या सोबतीत ठेवल्या तर पुन्हा जोमाने काम करू लागतात. चांगल्या शेजाराची किंमत गटातल्या बायांना वेगळी सांगायला नको.

आता आपल्या ताईच्या पोराकडे येऊ. सिकलसेलमध्ये कोनाडा चांगला असतो. चूक असते मूलपेशीतल्या एका जनुकात, आणि तीही एका अक्षराएवढी. विरजणातच खोट असेल तर दही रोज तसंच लागणार. म्हणून बाहेरून दिलेलं रक्त काही दिवस पुरतं, पण मुळावर उपाय होत नाही. १९८४ साली अमेरिकेत एका मुलीला मज्जा बदलल्यावर सिकलसेलही बरा झाल्याचं जाहीर झालं. मात्र जुळणारा दाता लागतो, आणि सख्खं भावंड जुळण्याची शक्यता चारात एकच.

२०२३ च्या नोव्हेंबरात इंग्लंडने आणखी एका उपचाराला परवानगी दिली. त्यात रुग्णाच्याच मूलपेशी बाहेर काढतात. बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं, ते जन्मानंतर हळूहळू बंद होतं. म्हणून सिकलसेलचं बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसतं. मूलपेशीत बदल करून ते जुनं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतात. मग जहाल औषधांनी हाडातले कोनाडे रिकामे करतात आणि बदललेल्या पेशी परत घालतात. अमेरिकेत याची किंमत २२ लाख डॉलर सांगितली गेली. आपल्या पाड्यापर्यंत हे यायला वेळ आहे. पण हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या आजही मिळतात. त्याही बहुतेकांमध्ये हेच पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वाढवतात आणि कळा कमी करतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घ्यायच्या, पोर बरं दिसलं म्हणून मनाने सोडायच्या नाहीत.

एक सावधगिरी. मूलपेशींच्या नावावर गुडघे, साखर, लकवा सगळं बरं करतो म्हणणारे भेटतील. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं मज्जारोपण सोडलं तर बाकी सगळं अजून संशोधनात आहे. त्यासाठी गटातून कर्ज उचलू नका.

आता त्या बैठकीतल्या प्रश्नाचं उत्तर. सिकलसेलचा रुग्ण व्हायला दोन जनुकं लागतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. एकट्या आईकडून हा आजार येऊच शकत नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता रुग्ण मुलाची, चारात दोन वाहकाची, चारात एक पूर्ण निरोगी मुलाची. पहिलं मूल रुग्ण झालं म्हणून पुढची सुटली, असं नाही. दर वेळी हिशेब नव्याने मांडला जातो. वाहक मात्र सहसा धडधाकट असतो, कामं करतो, म्हणून घराण्यात कोणाला कळतच नाही.

कळतं ते तपासणीने. १ जुलै २०२३ रोजी देशात सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी हा त्याचा पाया आहे. आशाताईंना विचारा. आधी साधी चाचणी होते. ती सदोष आली तर पुढच्या चाचणीत वाहक की रुग्ण ते कळतं. लग्न ठरवताना मुलाचीही तपासणी करा, फक्त मुलीची नाही. गरोदर बाई वाहक निघाली तर नवऱ्याचीही लगेच करून घ्या. आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हे लक्षात ठेवा.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत आम्ही हे सगळं त्या ताईच्या सासूबाईंसमोर सांगितलं. चार तुरीचे दाणे आणि चार मुगाचे दाणे घेऊन मांडून दाखवलं. मग नवऱ्याची आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. नवरा वाहक निघाला, आणि सासूबाईही. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग नातवाच्या गोळ्यांची पुडी उचलून पदराला बांधली आणि म्हणाल्या, "सकाळची गोळी मी देत जाईन."