मुरूम कुणाचा?

वेल्ह्यात आमची वीस गुंठे जमीन आहे, असं आम्ही म्हणतो. सातबारा तसं म्हणत नाही. १९८७ साली आजोबांनी ती साठेखतावर घेतली, पैसे दिले, ताबा घेतला, बांध घातले. खरेदीखत करायचं राहून गेलं ते राहिलंच. दोन वर्षांपूर्वी रस्त्याच्या कामाला तिथला मुरूम गेला आणि ठेकेदाराने पैसे दिले सातबाऱ्यावरच्या माणसाला, म्हणजे मूळ मालकाच्या नातवाला. आजोबा एवढंच म्हणाले, "चाळीस वर्षं मी कसतोय, मुरूम त्याचा कसा?"

तोरण्याच्या पायथ्याचा हा भाग. गडाचं दुसरं नाव प्रचंडगड, आणि त्याच नावाचा तालुका भोर संस्थानात होता. तोरण्यावर शिवाजी महाराजांना धन सापडलं आणि ते राजगडाच्या बांधकामाला लागलं, ही गोष्ट इथल्या पोरासोरांना पाठ असते. सापडलेलं धन मुळात कुणाचं, हे गोष्टीत येत नाही. जुन्या सनदांमध्ये मात्र येतं. इनाम गाव देताना शब्द ठरलेले असत: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप. दगडसुद्धा नाव घेऊन दिलेला, पुरलेलं धनही. आणि सोबत, 'हक्कदार व इनामदार खेरीजकरून'. म्हणजे आधीपासून ज्यांचं काही आहे, ते सोडून. मला हा तुकडा सगळ्यात शहाणा वाटतो.

८ मार्च १९४८ रोजी भोर मुंबई प्रांतात विलीन झालं. आज महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम ४८ सांगतं की खनिज सरकारचं. सरकारनेच दानपत्रात वेगळं लिहून दिलं असेल तर गोष्ट निराळी. म्हणजे मुरूम आजोबांचा नव्हता, तसा नातवाचाही नव्हता. त्याला मिळाले ते जमीन खणू दिल्याचे पैसे.

मग साठेखताचं काय? इंग्लंडच्या चान्सरी न्यायालयांनी घडवलेल्या नियमांत पैसे मोजलेल्या खरेदीदाराचा जमिनीत हक्क धरला जातो, खरेदीखत व्हायचं असलं तरी. आपला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा कलम ५४ मध्ये हे साफ नाकारतो: नुसत्या विक्रीच्या कराराने जमिनीत हक्क तयार होत नाही. १९२९ साली ५३-अ कलम आलं. करारावर विसंबून ताबा घेतलेल्याला विकणारा हुसकावू शकत नाही. २००१ पासून त्यालाही नोंदणी लागते. आमचा कागद त्याआधीचा, म्हणून वाचला. पण ही नुसती ढाल. ती पुढे करून मुरमाचे पैसे मागता येत नाहीत.

गोव्यात हाच पेच लोहखनिजाच्या ढिगांवर पडला. पोर्तुगीज काळातले खाणपरवाने १९८७ च्या कायद्याने भाडेपट्टे ठरले. २१ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ते पट्टे २२ नोव्हेंबर २००७ लाच संपलेत. म्हणजे त्यानंतर काढलेलं खनिज खाणवाल्यांचं नव्हतंच. पडून असलेल्या ढिगांचा ई-लिलाव झाला. २०१८ मध्ये पट्टे पुन्हा रद्द झाले. या वेळी १५ मार्च २०१८ पर्यंत काढलेलं, स्वामित्वधन भरलेलं खनिज हलवायला न्यायालयाने ३० जानेवारी २०२० ला परवानगी दिली. माल तोच, मालकी टाइमस्टॅम्पवर ठरली. दिवसभर डेटाबेस सांभाळणाऱ्या मला हे पटायला हवं. आजोबांसमोर बसल्यावर पटत नाही.

नातू खरेदीखत करून द्यायला तयार आहे, आजच्या भावाने. आजोबांनी प्लास्टिकच्या पिशवीतलं साठेखत माझ्याकडे दिलंय. घड्यांवर ते फाटत आलंय, म्हणून आधी स्कॅन करून ठेवलं.