मेंदूतल्या परांच्या



परांची हा शब्द इकडे वाढलेल्या आपल्या मुलांना माहीत असायचं कारण नाही. मुंबईत इमारतीला रंग काढायचा असला की बांबू आणि दोऱ्यांचा जो सांगाडा बांधतात, ती परांची. काम झालं की उतरवतात. मेंदूतही परांच्या असतात, प्रथिनांच्या. फक्त त्या उतरवत नाहीत, कायमच्या राहतात. त्या कशा सापडल्या याचा इतिहास मी गेली दोन-तीन वर्षं सवडीने वाचतोय. (मी जीवशास्त्राचा माणूस नव्हे, पोट सॉफ्टवेअरवर चालतं.)

सुरुवात भांडणापासून. मेंदू म्हणजे एकसंध जाळं, असं इटलीचे गोल्जी म्हणत. स्पेनचे काहाल म्हणत की नाही, पेशी सुट्या आहेत. १९०६ साली दोघांना नोबेल विभागून मिळालं आणि गोल्जींनी आपल्या भाषणात काहालांच्या सिद्धांतावरच हल्ला चढवला! दोन पेशींच्या सांध्याला 'सिनॅप्स' हे नाव मात्र त्याआधीच, १८९७ मध्ये, शेरिंग्टन यांनी दिलं होतं. प्रत्यक्ष फट दिसायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप यावा लागला, १९५० च्या दशकात. फट अवघी २० नॅनोमीटरच्या आसपास. १९५९ मध्ये लंडनच्या जॉर्ज ग्रे यांनी दाखवलं की काही सिनॅप्समध्ये संदेश घेणाऱ्या बाजूला, पडद्याच्या आतून, एक गडद जाड थर असतो.

हा काळा थर कशाचा? पुढची तीसेक वर्षं हा प्रश्न रेंगाळला. १९७० च्या दशकात लोकांनी मेंदूचा लगदा डिटर्जंटने धुऊन पाहिला. पेशीचा पडदा विरघळला, थर तसाच राहिला. तव्याला करपलेलं पिठलं म्हणा ना. पण त्यात नेमकं काय आहे हे एकेक प्रथिन ओळखून सांगणं हे चिकाटीचं काम होतं, आणि कॅलटेकच्या मेरी केनेडी यांनी ते केलं.

१९९२ साली त्यांच्या गटाने उंदराच्या मेंदूतल्या या थरातल्या एका प्रथिनाचं जनुक वाचलं. नाव पीएसडी-९५. ते कोणासारखं निघालं? फळमाशीतल्या 'डिस्क्स लार्ज' या जनुकाच्या प्रथिनासारखं! हे जनुक बिघडलं की माशीच्या अळीत ज्या चकत्यांपासून पंख-पाय व्हायचे त्या गाठीसारख्या वाढत सुटतात. मेंदूचा आणि माशीच्या गाठीचा काय संबंध? मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर जागा वाटते. संबंध असा, की दोन्हीकडे काम एकच: पेशी जिथे शेजारणीला टेकते तिथे माल जागच्या जागी धरून ठेवणं. जर्मनीतल्या एका गटाला हेच प्रथिन स्वतंत्रपणे सापडलं, ते त्यांनी १९९३ मध्ये वेगळ्या नावाने छापलं.

१९९५ मध्ये केनेडी आणि हायडेलबर्गच्या झेबुर्ग यांच्या गटांनी मिळून दाखवलं की शिकण्या-लक्षात ठेवण्याशी संबंधित असलेल्या एनएमडीए रिसेप्टरचं शेपूट पीएसडी-९५ च्या खोबणीत बसतं. २००० साली कॅलिफोर्नियात ब्रेट यांच्या प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींमध्ये हे प्रथिन जास्त घातलं, तेव्हा सिनॅप्स लवकर पक्व झाले. आणि गंमत म्हणजे फटीपलीकडची, संदेश देणारी बाजूसुद्धा! परांची या इमारतीला बांधली आणि समोरची इमारतही सुधारली, असा प्रकार.

सगळं इतकं सरळ नव्हतं. १९९८ मध्ये एडिंबराच्या सेथ ग्रँट यांच्या गटाने पीएसडी-९५ बिघडवलेले उंदीर तयार केले. सिनॅप्स कोसळतील अशी अपेक्षा. पण ते दिसायला ठीकठाक होते, रिसेप्टरही जागेवर. उंदरांना मात्र वाटा लक्षात ठेवणं जमेना. या प्रथिनाला तीन सख्खी भावंडं आहेत, ती थोडंफार सावरून घेत असावीत.

आता मी हे का वाचतोय ते. १९९९ मध्ये मॉर्गन शेंग यांच्या गटाने 'शँक' नावाची प्रथिनं वर्णन केली, ती पीएसडी-९५ च्या खालच्या मजल्यावरची परांची. २००७ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या बुर्जरों यांच्या गटाने ऑटिझम असलेल्या काही मुलांत शँक-३ या जनुकातला बिघड दाखवला. माझ्या आतेबहिणीच्या मुलाला हाच बिघड आहे. तपासणी व्हायच्या आधी चार वर्षं तिला घरात ऐकावं लागलं, "तू नोकरी सोडली असतीस तर मूल बोललं असतं." हे आपल्याकडचंच खूळ नव्हे बरं का. अमेरिकेत १९६७ साली ब्रुनो बेटलहाइम यांनी पुस्तक लिहून आयांच्या थंडपणावर खापर फोडलं होतं. त्याआधी १९६४ मध्ये, स्वतः अशा मुलाचा बाप असलेल्या बर्नार्ड रिमलंड यांनी हे जैविक आहे असं लिहिलं होतं, तरीही. ऑटिझम असलेल्या शंभरात जेमतेम एकाला शँक-३ चा बिघड असतो, तेव्हा सगळ्यांचं उत्तर यात नाही. पण तिच्या सासूबाईंना मी हा इतिहास फोनवर मराठीतून सांगितला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ते पोटातच झालं होतं?" हो, म्हटलं, पोटातच.

पुढचं: २०१६ मध्ये एमआयटीच्या गुओपिंग फेंग यांच्या गटाने शँक-३ बंद ठेवलेल्या उंदरांत ते मोठेपणी पुन्हा चालू केलं. अंग चाटून चाटून जखमा करणं कमी झालं, इतर उंदरांशी मिसळणं सुधारलं. भित्रेपणा आणि तोल मात्र सुधारला नाही. त्यासाठी जनुक लहानपणीच चालू करावं लागलं. ही गोष्ट उंदरांची, माणसांची नव्हे, हे मी बहिणीला दोनदा बजावलंय.

आपल्यापैकी कोणी या विषयात प्रत्यक्ष काम करत असेल तर जरूर लिहा. तिच्याकडे प्रश्नांची यादी तयार आहे.