पंक्तींतला आहारधर्म

ज्वारीची भाकर, तुरीचें वरण आणि जवसाची चटणी हें जेवण नांदगाव खंडेश्वरच्या मनुष्यास परकें नाहीं. त्यांत प्राण्यापासून मिळालेलें कांहींच नाहीं. मग प्राणिज अन्नाचा त्याग इतका अवघड कां व्हावा? याचें उत्तर चुलीजवळ नसून पंक्तींत आहे.

याच अमरावती जिल्ह्यांत शेंडगाव येथें १८७६ सालीं डेबूजी जाणोरकर, म्हणजे पुढचे गाडगेबाबा, जन्मले. वडील दारूपायीं अकालीं गेलेले. बारशाला मद्यमांसाचें जेवण घालण्याची जातीची रीत होती. डेबूजींनीं मुलीच्या बारशास ती मोडून गोडाची पंक्त वाढली. भाऊबंदांचा रोष हाच त्या पंक्तीचा खरा खर्च होय. पुढें कीर्तनांतून ते पशुबळीविरुद्ध बोलत, तेव्हां त्या शब्दांमागें घरची ही पंक्त उभी असे.

दूधतूप मात्र तेथें वर्ज्य नव्हतें. तेंहि वर्ज्य मानणाऱ्यांस ‘व्हीगन’ हें नांव इंग्लंडांत १९४४ सालीं मिळालें. त्यापूर्वींच, १९१२ सालीं, गांधीजींनीं दक्षिण आफ्रिकेंत दूध सोडलें होतें. पुढें हिंदुस्थानांत मोठ्या दुखण्यांत त्यांनीं शेळीचें दूध घेतलें. व्रताचें अक्षर राहिलें, आशय सुटला, ही खंत त्यांनीं आत्मचरित्रांत लपविली नाहीं.

आहार बदलूं पाहणाऱ्यास या दोघांपासून दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत: आप्तांचा रोष सोसण्याचें धैर्य आणि स्वतःची उणीव उघड मांडण्याचा प्रामाणिकपणा. पहिलीवांचून आरंभ होत नाहीं. दुसरीवांचून त्याचा दंभ होतो.