स्टार आणि हॅशची कुळकथा

टेलिफोनच्या बटणांमध्ये स्टार आणि हॅश ही सर्वांत धाकटी भावंडे. १८ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, कार्नेगी आणि ग्रीन्सबर्ग या गावांत बेल कंपनीने बटणांचे फोन आणले, तेव्हा त्यांवर दहाच बटणे होती. शून्याच्या दोन्ही बाजूंना जागा रिकाम्या. त्या भरल्या १९६८ मध्ये.

फिरत्या डायलच्या काळी अशा चिन्हांना वावच नव्हता. डायल परत येताना आकड्याइतक्या वेळा वीजप्रवाह तुटायचा आणि एक्स्चेंज ते खटके मोजायचे, शून्याचे दहा. बटणांनी खटके सोडून सूर धरले. प्रत्येक बटण एकाच वेळी दोन सूर काढते, एक आडव्या ओळीचा आणि एक उभ्या. स्टार म्हणजे ९४१ आणि १२०९ हर्ट्झ, हॅश म्हणजे ९४१ आणि १४७७. बोलण्याच्या ओघात आवाजाला बटण समजण्याची चूक होऊ नये, म्हणून ही जोडी. शिवाय खटके एक्स्चेंजपाशीच संपत. सूर पार पलीकडच्या माणसाच्या कानापर्यंत जातो. 'मराठीसाठी दोन दाबा' हे त्यामुळेच शक्य झाले.

१९६५ मध्ये न्यू जर्सीतल्या सक्कासना येथे संगणकाच्या आज्ञावलीवर चालणारे एक्स्चेंज सुरू झाले होते. आलेला कॉल दुसरीकडे वळवणे, तिघांनी एकत्र बोलणे अशा सोयी त्याच्या आवाक्यात आल्या. पण ग्राहक नंबर लावतोय की हुकूम देतोय, हे एक्स्चेंजला कळणार कसे? सुरुवातीला स्टार आला की तो हुकूम, ही खूण पुढे रूढ झाली.

युरोपातून आलेल्या जीएसएम मोबाइलने त्या खुणेला व्याकरण दिले. स्टार म्हणजे चालू कर, हॅश म्हणजे बंद कर, स्टार-हॅश म्हणजे सध्या काय आहे ते सांग, आणि शेवटचा हॅश म्हणजे माझे सांगून झाले. *२१*, मग नंबर, मग # : सगळे कॉल वळव. #२१# : वळवणे थांबव. दोन बटणांत एवढे काम बसवणारी रचना मला आजही थोर वाटते.

खरी परीक्षा झाली ती फोन इंटरनेटवरून जाऊ लागला तेव्हा. जी.७२९ सारख्या पद्धती माणसाचा आवाज दाबून लहान करतात. त्यात बटणाचे सूर वेडेवाकडे होतात. म्हणून मे २००० मध्ये ठरलेल्या नियमानुसार सुराऐवजी नुसती नोंद पाठवण्याची सोय झाली. आकड्यांना शून्य ते नऊ, स्टारला दहा, हॅशला अकरा. सूर गेला तरी बटण टिकले.

दुसरा पेच नंबर लावण्याचा. जुन्या एक्स्चेंजला एकेक आकडा दाबताक्षणी मिळे. इंटरनेटवरून कॉल जोडण्याच्या 'सिप' या पद्धतीचा फोन सहसा पूर्ण नंबर एकदम पाठवतो, मग तो संपला हे त्याने ओळखायचे कसे? काही सेकंद वाट पाहून, किंवा आपण हॅश दाबल्यावर. त्यातही हॅशची अडचण वेगळीच. इंटरनेटच्या पत्त्यात या चिन्हाला आधीच दुसरा अर्थ आहे, म्हणून सिपच्या पत्त्यात ते टक्क्याचे चिन्ह आणि २३ असे लिहावे लागते. स्टार मात्र आहे तसा जातो.

आपल्याकडे २०१४ पासून *९९# वर, इंटरनेट नसलेल्या साध्या फोनवरूनही बँकेचे व्यवहार करता येतात. याच बटणांचा गैरवापरही झाला. *४०१* आणि पुढे एक नंबर लावायला सांगून भामटे लोकांचे कॉल, आणि कॉलवरून येणारे ओटीपीही, स्वतःकडे वळवू लागले. अखेर दूरसंचार विभागाच्या आदेशाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा कोडने कॉल वळवण्याची सोय थांबवण्यात आली. तरीही अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून स्टार किंवा हॅशने सुरू होणारे काहीही लावू नका. तो हुकूम तुमच्या नावाने जातो. शंका आली तर आधी स्वतः कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून विचारा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही हे आवर्जून सांगा.