काडीपैलवानाला शुगर कशी?

आमच्या कबनूरला यंत्रमागावर राबणारा एखादा काडीपैलवान गडी ‘शुगर निघाली’ म्हणत दवाखान्यातून आला, की पहिला प्रश्न ठरलेला : ‘तुला कशी काय? तू तर वाळलेला!’ आजचा भाग त्याच प्रश्नाच्या इतिहासावर.

आधी भुकेचं बघू. चरबी म्हणजे नुसतं गोदाम, असंच बरीच वर्षं धरून चालले होते. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीत अखंड खात सुटणारे लठ्ठ उंदीर सापडले. तिथल्याच डग्लस कोलमन यांनी पुढे असा उंदीर साध्या उंदराला जोडून दोघांचं रक्त एकमेकांत फिरू दिलं, तर लठ्ठ्याचं खाणं कमी झालं! म्हणजे रक्तातून काहीतरी निरोप जात होता. जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला तो १९९४ मध्ये सापडला : लेप्टिन. चरबीच्या पेशीच ते बनवतात. चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि मेंदू भूक वाढवतो. उपाशी राहून उतरवलेलं वजन परत का चढतं, त्याचं एक कारण हे. मग लेप्टिनचं इंजेक्शन द्या की! दिलं, पण बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात ते आधीच भरपूर असतं. मेंदू दाद देत नाही.

आता पुणे. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि बाळांचा अभ्यास मांडला. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडच्या साउदम्प्टनमध्ये ३.५. कमी काय होतं? मुख्यतः स्नायू आणि पोटातले अवयव. पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र बरीचशी टिकून! पुढे लंडनच्या बाळांशी तुलना केली, तेव्हा हलक्या पुणेरी बाळांच्या नाळेच्या रक्तात लेप्टिन जवळपास तेवढंच आणि इन्शुलिन जास्त निघालं.

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’नं याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२! बीएमआयचं सूत्र बेल्जियमच्या केटले यांचं, एकोणिसाव्या शतकातलं. त्यात फक्त वजन आणि उंची जाते, चरबीचा रकानाच नाही. आउटपुटमध्ये ती दिसणार कुठून?

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांना २५ ऐवजी २३ पासूनच सावध व्हायला सांगितलं. याज्ञिकांचा २२.३ त्याच्याही आतच बसतो.