उलटी करताच बळकट झालेली नळी

तुळईवर भार आला की ती खाली वाकते. तिचा माथा दाबला जातो आणि तळ ताणला जातो. मग लोखंड अधिक कोठे घालावे, माथ्याशी की तळाशी? वीस वर्षांच्या आत या प्रश्नाचे उत्तर नेमके उलटे झाले, त्याची ही हकिकत.

१८३० च्या सुमारास मँचेस्टरमध्ये ईटन हॉजकिन्सनने बिडाच्या तुळया मोडेपर्यंत भार देऊन पाहिल्या. बीड दाबाला चिवट, ताणाला मात्र त्याच्या सुमारे एक षष्ठांशच समर्थ. म्हणून त्याने तळाची पट्टी माथ्याच्या सहापट केली. माथा अरुंद, तळ रुंद. हा छेद इंग्लंडभर रूढ झाला.

याच आकाराचे ९८ फुटी गर्डर रॉबर्ट स्टीफन्सनने चेस्टरजवळ डी नदीवरील पुलाला घातले. (मुंबई-ठाणे लोहमार्ग बांधणाऱ्या जी.आय.पी. कंपनीचा सल्लागार अभियंता तो हाच.) २४ मे १८४७ रोजी आगगाडी जात असताना त्यांतील एक मोडला, पाच जण दगावले. कारणांविषयी आजही वाद आहे. एका मतानुसार तो अरुंद माथा दाबाखाली बाजूला कलंडला आणि पिळवटला. दाबाने लोखंड चिरडत नसेल, पण लांब, सडपातळ अंग आडवे पळते, आणि हॉजकिन्सनच्या सूत्रात या पळण्याला स्थान नव्हते.

गंमत अशी की ती पळवाट तेव्हा दुसरीकडे उघड झालेलीच होती. मेनाई सामुद्रधुनीवर स्टीफन्सनला ४६० फुटांचे गाळे हवे होते. घडीव लोखंडाच्या पत्र्याची पोकळ नळी आणि तिच्या पोटातून धावणारी गाडी, अशी त्याची कल्पना. १८४५ पासून विल्यम फेअरबर्नने मिलवॉलच्या कारखान्यात नळ्यांचे नमुने मोडून पाहिले. बहुतेकींचा तळ फाटण्याआधीच माथ्याचा पत्रा चुणीसारखा दुमडला. एका चौकोनी नळीचा एक पत्रा जाड, दुसरा पातळ होता. जाड पत्रा वर येईल अशी ती पालथी घातली, तेव्हा तिने दुपटीहून अधिक भार पेलला! त्याच कामी गणिताला बोलावलेला माणूस कोण? हॉजकिन्सनच.

१८५० मध्ये खुल्या झालेल्या ब्रिटानिया पुलाच्या नळीत म्हणूनच माथ्याला आठ पोकळ कप्पे आणि तळाला सहा होते. माझ्या मते नळीपेक्षा हे कप्पेच त्या पुलाचे खरे नवल. तेवढेच लोखंड कप्प्यांत मांडल्याने पत्र्याला दुमडायला जागा उरली नाही.

पोलादाच्या युगात हेच तत्त्व कारखान्यातील क्रेनच्या तुळईत दिसते: माथ्यावर पालथी बसवलेली पन्हळीसारखी पट्टी, कारण तो माथा बाजूने धरायला कोणीच नसते. याउलट पुलाचा काँक्रीटचा थर गर्डरशी एकजीव झाला की तो माथा धरून ठेवतो, आणि पोलाद पुन्हा तळाशी अधिक जाते. मात्र ओले काँक्रीट घट्ट होईपर्यंत तो अरुंद माथा एकटाच असतो. म्हणून तोवर गर्डरांना आडव्या आधारांनी एकमेकांशी जखडून ठेवतात.