हॉथॉर्न प्रयोग

हॉथॉर्न प्रयोग ही अमेरिकेतील शिकागो शहरालगतच्या सिसरो येथील हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेली संशोधनमालिका होय. प्रकाश, विश्रांती, कामाचे तास, वेतनपद्धती आणि सहकाऱ्यांशी असलेले संबंध यांचा कामगाराच्या उत्पादनावर काय परिणाम होतो, हे शोधण्याचा प्रयत्न या प्रयोगांत करण्यात आला. व्यवस्थापनशास्त्रातील ‘मानवी संबंध’ विचारसरणीचा पाया या प्रयोगांनी घातला असे मानले जाते. आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे या जाणिवेने माणसाचे वर्तन बदलते, या अर्थाची ‘हॉथॉर्न परिणाम’ ही संज्ञाही याच कारखान्याच्या नावावरून आली. प्रयोगांचे निष्कर्ष आणि त्यांतील प्रत्यक्ष नोंदी यांच्यात कितपत मेळ आहे, याविषयी मात्र अभ्यासकांमध्ये दीर्घकाळ वाद चालू आहे.

पार्श्वभूमी

हॉथॉर्न कारखाना वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीचा होता. ही कंपनी अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ या उद्योगसमूहासाठी टेलिफोन व त्याची उपकरणे तयार करीत असे. १९०५ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्यात १९२०च्या दशकाच्या अखेरीस सुमारे ४०,००० लोक काम करीत होते. त्यांत पोलंड, बोहेमिया आदी प्रदेशांतून आलेल्या स्थलांतरितांच्या कुटुंबांतील स्त्रीपुरुषांची संख्या मोठी होती. निवृत्तिवेतन, क्रीडासंघ, सायंवर्ग अशा सोयी कंपनी देत असे. कामगार संघटनांना मात्र तिचा विरोध होता.

त्या काळात कारखान्यांच्या कारभारावर फ्रेडरिक टेलर यांच्या शास्त्रीय व्यवस्थापनाचा प्रभाव होता. प्रत्येक कामाचे छोटे भाग पाडावेत, घड्याळ लावून त्यांचा वेळ मोजावा, काम करण्याची एकच उत्तम पद्धत ठरवावी आणि अधिक उत्पादनास अधिक मोबदला द्यावा, असे या पद्धतीचे स्थूल स्वरूप होते. कामगार मुख्यतः पैशासाठी काम करतो आणि प्रत्येक कामगार स्वतंत्रपणे निर्णय घेतो, ही तिच्यामागची गृहीते होती. हॉथॉर्न येथील संशोधनाचा आरंभही याच चौकटीत झाला.

प्रकाशाचे प्रयोग (१९२४–१९२७)

चांगल्या प्रकाशात काम अधिक होते का, हे पाहण्यासाठी नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या पुढाकाराने पहिले प्रयोग झाले. विजेच्या दिव्यांच्या व्यवसायालाही या प्रश्नात रस होता. काही विभागांत प्रकाश टप्प्याटप्प्याने वाढवण्यात व कमी करण्यात आला, तर तुलनेसाठी काही कामगारांचा प्रकाश कायम ठेवण्यात आला. उत्पादन अनेकदा दोन्हीकडे वाढले आणि प्रकाशाशी त्याचा सरळ संबंध लागेना. एका चाचणीत तर प्रकाश चांदण्याइतका मंद होईपर्यंत उत्पादन टिकून राहिले. प्रकाशाखेरीज दुसरे काही घटक काम करीत असावेत, एवढेच यातून स्पष्ट झाले.

रिले जोडणी कक्ष (१९२७–१९३२)

हे ‘दुसरे काही’ शोधण्यासाठी कंपनीने १९२७ मध्ये नवा प्रयोग आखला. रिले हा टेलिफोन यंत्रणेतील विद्युतप्रवाह जोडणारा व तोडणारा छोटा घटक असतो. अनेक बारीक भाग एकत्र करून तो हाताने जोडावा लागे आणि एका जोडणीला साधारण एक मिनिट लागे. काम एकसुरी व मोजण्यास सोपे असल्याने ते प्रयोगासाठी सोयीचे होते. जोडणी करणाऱ्या ५ तरुणी आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी एक, अशा सहा जणींना मुख्य विभागातून वेगळ्या खोलीत आणण्यात आले. प्रत्येक रिले तयार होताच त्याची आपोआप नोंद होत असे. खोलीत एक निरीक्षक बसून संभाषण, मनःस्थिती, हवामान व प्रकृती यांचीही टिपणे ठेवी.

सुरुवातीलाच मोबदल्याची पद्धत बदलण्यात आली. मुख्य विभागात सुमारे १०० जणींच्या एकत्रित उत्पादनावर मोबदला ठरे. येथे तो सहा जणींच्या उत्पादनावर ठरू लागला. साहजिकच प्रत्येकीच्या कष्टाचे फळ तिच्या वेतनात अधिक स्पष्टपणे दिसू लागले. पुढे दोन छोट्या विश्रांती, नंतर अधिक लांब विश्रांती, सकाळी कंपनीकडून अल्पोपाहार, लवकर सुट्टी, शनिवारची सुट्टी असे बदल क्रमाने करण्यात आले. प्रत्येक बदलापूर्वी या तरुणींशी चर्चा होत असे आणि मुख्य विभागापेक्षा येथील देखरेख बरीच सैल होती.

१९२८ मध्ये १२ आठवडे सर्व सवलती काढून घेऊन जुना ४८ तासांचा आठवडा परत लागू करण्यात आला. तरीही आठवड्याचे एकूण उत्पादन उंचावलेलेच राहिले. पाठ्यपुस्तकांत सर्वाधिक सांगितली जाते ती हीच घटना. या काळात ताशी उत्पादन मात्र घटले होते. कामाचे तास वाढल्यामुळे आठवड्याची बेरीज मोठी दिसत होती. विश्रांती पुन्हा सुरू होताच उत्पादनाने नवा उच्चांक गाठला. पहिल्या दोन वर्षांत उत्पादनातील एकूण वाढ सुमारे ३० टक्के होती.

याच प्रयोगातील आणखी एक घटना महत्त्वाची आहे. जानेवारी १९२८ मध्ये दोन तरुणींना फार बोलतात व सहकार्य करीत नाहीत या कारणावरून कक्षातून परत पाठवण्यात आले आणि त्यांच्या जागी दोन अधिक वेगवान कामगार आणण्यात आल्या. नव्याने आलेल्यांपैकी एकीवर घरच्या कमाईचा मोठा भार होता. तीच पुढे गटाची अनौपचारिक नेता बनली आणि इतरांना वेग वाढवण्यास प्रवृत्त करू लागली.

मोबदला आणि विश्रांती यांचा परिणाम वेगवेगळा तपासण्यासाठी दोन पूरक प्रयोग झाले. एका गटात केवळ मोबदल्याची पद्धत बदलली. तेथे उत्पादन सुमारे १२ टक्के वाढले, पण विभागातील इतरांच्या नाराजीमुळे तो प्रयोग ९ आठवड्यांत थांबवावा लागला. अभ्रक सोलणाऱ्या दुसऱ्या गटात मोबदल्याची पद्धत तीच ठेवून विश्रांती देण्यात आली. तेथे उत्पादन सुमारे १५ टक्के वाढून पुढे घसरले.

मुलाखतींचा कार्यक्रम (१९२८–१९३०)

पर्यवेक्षकांचे प्रशिक्षण सुधारण्यासाठी कंपनीने कामगारांच्या मुलाखती सुरू केल्या. प्रारंभी ठरावीक प्रश्न विचारले जात. कामगार मात्र प्रश्न सोडून स्वतःला महत्त्वाच्या वाटणाऱ्या विषयांवर बोलत. म्हणून मुलाखतकाराने कमी बोलावे, उपदेश करू नये, वाद घालू नये आणि ऐकून घ्यावे, अशी पद्धत स्वीकारण्यात आली. सुमारे २१,००० कामगारांच्या मुलाखती झाल्या. तक्रारीच्या शब्दांमागे अनेकदा घरची चिंता, मानापमान किंवा असुरक्षितता दडलेली असते, असे संशोधकांचे निरीक्षण होते.

तारजोडणी कक्ष (१९३१–१९३२)

कामगारांच्या आपसांतील संबंधांचा अभ्यास करण्यासाठी १४ पुरुषांच्या एका गटाचे निरीक्षण करण्यात आले. त्यांत तारा जोडणारे ९, डाख देणारे ३ आणि तपासनीस २ होते. येथे कोणताही बदल न करता केवळ निरीक्षण करायचे होते. या आखणीत मानवशास्त्रज्ञ डब्ल्यू. लॉइड वॉर्नर यांचे साहाय्य झाले.

येथील चित्र रिले कक्षाच्या नेमके उलट होते. अधिक उत्पादनास अधिक मोबदला मिळत असूनही गटाने दिवसाच्या कामाची स्वतःची मर्यादा ठरवली होती आणि ती कंपनीच्या अपेक्षेपेक्षा कमी होती. फार काम करणारा ‘दर बिघडवणारा’ ठरे, फार कमी करणारा कामचुकार ठरे आणि वरिष्ठांकडे जाऊन सांगणारा चहाडखोर ठरे. मर्यादा ओलांडणाऱ्याची थट्टा होई किंवा त्याच्या दंडावर ठोसा मारला जाई. उत्पादन वाढवले तर दर कापले जातील किंवा काही जणांना घरी बसावे लागेल, अशी भीती कामगार बोलून दाखवीत. मे १९३२ मध्ये कामाच्या अभावी हा कक्षच बंद करण्यात आला.

निष्कर्ष आणि प्रसार

हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक एल्टन मेयो १९२८ पासून या संशोधनाशी जोडले गेले. त्यांच्या ‘औद्योगिक संस्कृतीतील मानवी समस्या’ या आशयाच्या १९३३ मधील ग्रंथाने प्रयोगांना प्रसिद्धी मिळाली. फ्रिट्झ रोथलिसबर्गर आणि कंपनीतील अधिकारी विल्यम डिक्सन यांनी १९३९ मध्ये प्रयोगांचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. कारखाना ही तांत्रिक व्यवस्थेइतकीच सामाजिक व्यवस्थाही आहे, औपचारिक अधिकारश्रेणीखाली अनौपचारिक गट असतात आणि आपुलकीची देखरेख व गटाशी असलेले नाते यांमुळे कामाची प्रेरणा वाढते, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होते.

टीका

१९६७ मध्ये ॲलेक्स केरी यांनी प्रयोगांचे प्रसिद्ध वृत्तांत तपासून असे दाखवले, की उत्पादनवाढीचा मोठा भाग वेतनातील प्रोत्साहनाने आणि दोघींच्या बदलीने स्पष्ट होतो. मैत्रीपूर्ण देखरेखीचा निष्कर्ष पुराव्यावर टिकत नाही. १९७८ मध्ये रिचर्ड फ्रँक व जेम्स कौल यांनी संख्याशास्त्रीय विश्लेषण करून शिस्त, आर्थिक मंदी व विश्रांती यांना अधिक महत्त्व दिले. प्रकाशाच्या प्रयोगांची मूळ आकडेवारी हरवली असे मानले जात होते. ती मिळाल्यावर स्टीव्हन लेव्हिट व जॉन लिस्ट यांनी २०११ मध्ये तिची फेरतपासणी केली. प्रकाश बहुधा रविवारी बदलला जात असल्याने सोमवारी एरवीही होणारी वाढ त्या बदलामुळे झाली असे भासत होते, हे त्यांनी दाखवले.

तारजोडणी कक्षातील कामगारांची भीती भावनेपोटी होती, असे मूळ संशोधकांनी सुचवले होते. महामंदीत कारखान्यातील हजारो लोकांचे काम गेले. त्यामुळे ती भीती व्यवहारी होती आणि मर्यादा ठरवणे हा कामगारांनी स्वतःला वाचवण्याचा मार्ग होता, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. कंपनीने १९३६ मध्ये समुपदेशनाची योजना सुरू केली; ती १९५६ पर्यंत चालली. समुपदेशकाने तक्रार ऐकावी, पण तिच्यावर कारवाई करू नये, असा तिचा नियम होता. ऐकून घेणे हा उपाय आहे की उपायाचा पर्याय, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. मेयो यांच्या मांडणीत कामगार संघटनांना जवळजवळ स्थान नाही, हाही आक्षेप घेतला जातो.

महत्त्व

‘लक्ष दिले की उत्पादन वाढते’ हे या प्रयोगांचे प्रचलित सार अपुरे आहे. रिले कक्षात आपुलकीबरोबर चांगला मोबदला, विश्रांती आणि निवडलेले कामगार होते. तारजोडणी कक्षात यांपैकी काहीही बदलले नव्हते आणि नोकरीची शाश्वती ढासळत होती. दोन्ही कक्षांत गट प्रभावी होता. एका ठिकाणी तो उत्पादन वाढवीत होता, तर दुसऱ्या ठिकाणी रोखून धरीत होता. वेतन, सुरक्षितता व सन्मान यांना एकमेकांपासून तोडून प्रेरणेचा विचार करता येत नाही, हे या तुलनेतून दिसते. संशोधनपद्धतीच्या अभ्यासातही एकाच वेळी अनेक घटक बदलल्यास कारण ठरवणे किती अवघड होते, याचे उदाहरण म्हणून हे प्रयोग शिकवले जातात.

हॉथॉर्न कारखाना १९८०च्या दशकात बंद पडला. त्याचा मनोरा मात्र सिसरो येथे अद्याप उभा आहे.